अश्विनीला विचारा

"आता अश्विनीताईंना विचारायची गरजच नाही," असं म्हणून गाडेकर सर एखादं जुनं दुखणं एकदाचं बरं झाल्यासारखे हसले.

अश्विनी त्यांच्या मागेच उभी होती, हातात चहाचा कप घेऊन. सरांना ती दिसली नव्हती असं नाही. दिसली होती, आणि हे ऐकून तिला बरंच वाटेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मनातल्या मनात दोन शिव्या देऊन मोकळं तरी होता आलं असतं.

कॉम्प्युटरसमोर आरती दहिफळे बसली होती. पाथर्डीकडची पोरगी, लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीच्या टोळीत कारखान्या-कारखान्यांवर फिरलेली, पुढे शिकून गेल्या दिवाळीनंतर इथं कामाला लागलेली.

"ताईंना परत एकदा दाखव," सर म्हणाले.

"त्यात काय दाखवायचंय, सर," आरती म्हणाली, आणि दाखवायला लागली.

ऑफिस नागापूरच्या एमआयडीसीत होतं. खाली लेथचं वर्कशॉप, वर हे. खालचं मोठं मशीन सुरू झालं की वरच्या कपातल्या चहावर बारीक लाटा उठायच्या. धंदा एकच, गावोगावच्या दूध केंद्रांसाठी प्रोग्राम लिहायचे. शेतकऱ्यानं किटली आणली की वजन, फॅट, भाव हे सगळं कॉम्प्युटरनं टिपायचं, पावती काढायची आणि त्याच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा. ऐकायला सोपं, पण प्रत्येक केंद्राची तऱ्हा निराळी. कुणाला पशुखाद्याची गाडी आली की मेसेज हवा, कुणाला जनावरांचा डॉक्टर यायचा असला की, कुणाला यात्रेच्या दिवशी दूध लवकर आणा म्हणून. या मेसेजांना अश्विनी निरोप म्हणायची, आणि प्रोग्राममध्येही तिनं त्यांना तेच नाव दिलेलं होतं. ऑफिस सुरू झालं तेव्हापासून एकेका गावाचा एकेक निरोप तिनं स्वतः लिहिला होता. कोणता कधी जायचा, यासाठी 'हे केंद्र असेल तर हे कर, नाहीतर ते असेल तर ते कर' अशी एक लांबच्या लांब शिडी रचली होती. 'ताईंची शिडी' असंच तिचं नाव पडलं होतं. शिडीला दुसरं कुणी हात लावत नसे. मधली एक पायरी हलवली तर कुठल्या गावात काय कोसळेल, हे ताईंनाच ठाऊक. फोन आला की काउंटरवरची पूजा समोरच्याचं पुरतं ऐकूनही न घेता म्हणायची, "थांबा हं, अश्विनीताईंना विचारते."

हे वाक्य कानावर आलं की अश्विनी कपाळाला आठी घालून, "काय मेली कटकट आहे," म्हणत उठायची. ती कटकट नव्हती हे तिला आत्ता, हातातला चहा निवत असताना, कळत होतं.

"बघा ताई," आरती सांगत होती, "आधी आपण प्रोग्रामला सगळं पढवून ठेवायचो. आता पढवायचं नाही. प्रोग्राम चालू असतानाच समोरच्या ऑब्जेक्टला विचारायचं, बाबा, तू कोण? तुला काय काय येतं? ते आपलं आपण सगळं सांगतं. त्यातलं ज्याचं नाव 'निरोप'नं सुरू होतं, ते रोज सकाळचं संकलन झालं की चालवायचं. पाठवण्यासारखं काही असलं तर जाईल, नसलं तर गप्प बसेल. उद्या नवं केंद्र आलं तरी शिडीत पायरी वाढवायला नको. रिफ्लेक्शन म्हणतात याला."

क्लास म्हणजे साचा, साच्यातून काढलेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि त्या वस्तूला जी कामं येतात त्या मेथड. एवढं अश्विनीला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. लग्नाआधी काष्टीला टायपिंगच्या क्लासला जाताना रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका पुस्तकावरून ती हे शिकली होती. त्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती, त्यामुळे प्रोग्रामिंग तिथंच संपतं असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. हे वस्तूलाच विचारायचं प्रकरण बहुधा त्या फाटलेल्या पानांत असावं.

"आणि ज्या मेथड प्रायव्हेट आहेत, त्या?" तिनं विचारलं. "बाहेरून कुणी चालवू नयेत म्हणून मी कुलूप लावून ठेवल्यात, त्या कशा दिसतील तुला?"

"ते कुलूप काढायचीपण सोय असते, ताई. तुमच्या निम्म्या मेथड प्रायव्हेटच होत्या ना, म्हणून काढावं लागलं."

आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, अश्विनीच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "छान आहे गं."

शिडी पुसली गेली. तिच्या जागी आरतीच्या इवल्याशा चार ओळी आल्या. सरांनी त्या आनंदात स्वतः खाली जाऊन वडापाव आणले आणि पहिला आरतीपुढे ठेवला. अश्विनीनं आपला वडापाव खाल्ला. चांगला होता, हे तिला जरा जास्तच टोचलं.

आरती वागायला उद्धट असती तर गोष्ट सोपी झाली असती. पण ती ताईंना आधी पाणी द्यायची, ताई उभ्या असल्या तर खुर्ची सोडायची. नवीन काही अडलं की मोबाईलवर कुठल्यातरी परक्या मुलखातल्या माणसाचा व्हिडिओ लावायची, कानात बोंडं घालून बसायची, आणि उठायची ती शिकूनच उठायची. अश्विनीला तिच्या वयाचा हेवा नव्हता, तिच्या डोक्याचाही फारसा नव्हता. तिला सलत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं तिला रोज विचारलं जात होतं खरं, पण काय, तर अमक्या गावाचा निरोप कुठं आहे. तू कोण, तुला काय काय येतं, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि ही पोरगी एका निर्जीव ऑब्जेक्टला ते विचारत होती, तेही किती आदबीनं.

घरी तिचा नवरा रंगनाथ कंपनीतून सुटून आला की ती भाकरी थापता थापता ऑफिसातलं सांगायची. एके दिवशी तो ताटावर बसत म्हणाला, "तू पण बस आता. ती आरतीपण जेवत असेल."

"तिचं काय मध्येच?"

"मध्येच कुठलं? मी आल्यापासून तिचंच चाललंय. अगं, माझी आई माझ्या मावशीबद्दल बोलायची ना, तशी बोलतीस तू."

"मला काय करायचंय तिच्याशी," अश्विनी म्हणाली, आणि भाकरी तव्यावर जरा आदळूनच टाकली.

शुक्रवारी दुपारी आरती आपला डबा घेऊन तिच्या टेबलाशी आली. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. निम्मी भाकरी अश्विनीच्या डब्याच्या झाकणात ठेवून ती म्हणाली, "ताई, सोमवारपासून सगळीकडं चालू करायचं म्हणतायत सर. एका केंद्रावर चालवून बघितलं, व्यवस्थित चाललं. तरी तुम्ही एकदा नजर टाकता का? सगळं तुमचंच लिहिलेलं आहे."

"माझं कसलं आता. तुझंच झालं."

आरती हसली. "तसं नाही, ताई. फोनवर माणसं तुमचं नाव घेऊन विचारतात, मला लई भारी वाटतं ते ऐकायला. आमच्याकडं टोळीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणायचे. मुकादम हाजरी घेताना म्हणायचा, इतके कोयते आले. माझ्या आईचं नाव कारखान्यावर कुणालाच माहीत नव्हतं."

अश्विनीला वाटलं, ही गोड बोलतेय. गोड बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, असं तिचं जगाबद्दलचं मत होतं, आणि ते दरवेळी चुकतं हे तिला अजून उमगलेलं नव्हतं. तिनं चटणीचा हात पुसला आणि कॉम्प्युटरवरची निरोपांची यादी खाली खाली सरकवत पाहायला लागली. एकेका केंद्राचं ऑब्जेक्ट स्वतःच्या पोटातलं ओकून बसलं होतं. पशुखाद्याचा निरोप, लसीचा निरोप, यात्रेचा निरोप. सगळ्यांना तिनं अट घातलेली होती; गाडी आली असेल तरच बोल, उद्या लस असेल तरच बोल.

कोल्हारच्या अलीकडे नदीकाठच्या वस्तीवर एक केंद्र होतं. त्याच्या यादीत सगळ्यात खाली तिला ते नाव दिसलं. निरोप_आप्पा.

तिचा हात थांबला.

आप्पासाहेबांनी ते केंद्र सुरू केलं होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नगरच्या दवाखान्यात गेले, आणि केंद्राचा सचिव गोरक्ष याचा सकाळीच फोन आला, "ताई, आप्पा गेले. लोकांना सांगायला गावात फिरता येत न्हाई. तेवढा मेसेज टाका, सांच्याला दूध आनू नका म्हनून." अश्विनीनं घरूनच, पदरानं डोळे पुसत, घाईघाईनं ती मेथड लिहिली होती, आणि एकदाच हातानं चालवली होती. अट घातली नव्हती. माणूस एकदाच मरतो, त्याला अट कसली घालायची? फक्त चुकून कुणी परत चालवू नये म्हणून कुलूप लावून ठेवलं होतं. सगळ्या वस्तीला एका क्षणात कळलं, म्हणून पुढं गोरक्षनं तिचं कोण कौतुक केलं होतं.

कुलूप आता निघालेलं होतं. अट नव्हती. सोमवारी सकाळी ही मेथड चालणार.

ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात सर आपल्या केबिनमधून डोकावले. "आरती, ताईंना कशाला कामाला लावतेस? प्रोग्राम सांगतोय ना स्वतःचं स्वतः. ताई, तुम्ही आता निवांत राहा बघू."

अश्विनीनं यादीवरची नजर काढली. "बरंय," ती म्हणाली. "चांगलं केलंय तिनं."

"काही राहिलं नाही ना?" आरतीनं विचारलं.

"मला काय विचारतेस? त्यालाच विचार ना."

दोन दिवस तिनं मनाशी बऱ्याच गोष्टी घोळवल्या. सोमवारी आधी आरती तपासेलच. मोबाईल कंपनी असला मेसेज अडवेल. आणि समजा गेलाच, तर जाऊ दे एकदा. मग कळेल सर्वांना की वस्तूला सगळं सांगता येत नाही. शेवटचा विचार तिला इतका गोड लागला की तिनं तो पुन्हा पुन्हा काढून चघळला. नदीकाठच्या वस्तीवरची माणसं त्या विचारात कुठंच नव्हती.

सोमवारी ऑफिस उघडून फार वेळ झाला नव्हता. पूजानं फोन उचलला, ऐकलं, आणि तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य बाहेर पडेना. तिनं नुसताच रिसीव्हर अश्विनीकडे धरला.

"ताई," गोरक्षचा आवाज, "आप्पासाहेब वारले."

"गोरक्षभाऊ, ते तर…"

"त्येच म्हंतोय मी. परत वारले. तुमच्या कॉम्प्युटरनं मारले." मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "सकाळी दूध घालून मानसं घरी पोचत्यात न पोचत्यात तर ह्यो मेसेज. ज्यांना ठावं हाय ते चक्रावले, आन् नवीन सुना आल्यात त्या रडाया लागल्या. पलीकडच्या गावातनं तर एक जन हार घिऊन आलाय. देवळाच्या भोंग्यावरनं पुकारलं मी, पन काय पुकारनार? वारले न्हाईत म्हनावं तर मानूस वारलेला हाय. शेवटी म्हनलं, आप्पासाहेब आज वारले न्हाईत, आधीचेच वारलेत, तवा सांच्याचं दूध घिऊन या."

"आणि त्यांच्या घरी?"

"त्येच तर. मनकर्णाकाकूंच्या फोनवर पन गेलाय त्यो."

अश्विनीनं फोन ठेवला तेव्हा सगळं ऑफिस तिच्याकडे पाहत होतं. सर आपल्या खुर्चीतून उठून तिच्या टेबलापर्यंत आले होते. "ताई, हा निरोप आला कुठून? तुम्हीच सांगा बाई आता, दुसरं कुणाला विचारू?"

इतके दिवस ती ज्यासाठी जळत होती ते हे होतं. ते हातात आलं तेव्हा तिला त्याचं काय करावं कळेना. तिनं सांगितलं, कुठं आहे, कधी लिहिला, अट का नव्हती. कधी दिसला, हे सांगितलं नाही.

आरती खुर्चीतून उठली. "चूक माझी आहे, सर," ती म्हणाली. "मी एकच केंद्र बघितलं. सगळी उघडून बघायला हवी होती."

अश्विनी गप्प बसली. शुक्रवारी गप्प बसणं सोपं गेलं होतं. आजचं सोपं गेलं नाही, पण निभलं.

तिनं जुनी शिडी परत लावून दिली, आणि सरांनी दोघींना माफी मागायला वस्तीवर पाठवलं. मनमाड रोडनं जाणारी एसटी मिळाली. वाटेत आरती एकदाच बोलली. "त्या काकूंना मी काय सांगू? तिकडं रिफ्लेक्शन वगैरे कसं सांगणार?" अश्विनी म्हणाली, "काही सांगू नकोस. पाया पड."

आप्पासाहेबांच्या दारात चपलांचा ढीग होता. ओट्यावर चार म्हातारे बसले होते आणि रडायचं की हसायचं हे अजून त्यांचं ठरलं नव्हतं. हार घेऊन आलेला माणूस हार मांडीवर घेऊन बसला होता. तो घरी परत न्यावा की फोटोला घालावा, अशी त्याची पंचाईत झाली होती. गोरक्ष दोघींना मागच्या दारी घेऊन गेला. मनकर्णाबाई गोठ्यात गाईला कडवळ टाकत होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, डोक्यावर पदर, कमरेला मोबाईलची पिशवी.

आरती वाकली. "आजी, माझ्या हातून चुकून गेला तो मेसेज."

"मी लिहिला होता तो," अश्विनी म्हणाली. "त्या वेळी."

मनकर्णाबाईंनी दोघींना नीट निरखलं. "म्हंजी तू लिवनारी, आन् ही धाडनारी. बसा." त्यांनी पोतं झटकून अंथरलं, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. "गोरक्षा, तू फुडं जा. त्या हारवाल्याला च्या पाज आन् वाटंला लाव."

तो गेल्यावर त्या गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तवा आमच्या घरात फोन एकच. त्यो ह्यांच्यापाशी, दवाखान्यात. मी ह्या मागच्या खोलीत कोंडलेली, मलाबी त्योच आजार. पोरांनी ठरवलं, आईला एवढ्यात सांगायचं न्हाई. आन् तुमचा मेसेज तर समद्या वस्तीला." त्या अश्विनीकडे पाहत होत्या, पण रागानं नाही. "शेजारची सून भितीपल्याड रडाया लागली, तवा मला कळलं. जिचं कुनी न्हाई तिला आधी, आन् जिचं गेलं तिला मागनं. दुःख तर झालंच, बाई. पन खरं सांगू का, मला वस्तीचा लई हेवा वाटला. माझ्या मानसाची बातमी, ती ज्याच्या त्याच्या खिशात, आन् मी आपली कोरडी."

अश्विनी पोत्यावरच्या एका दोऱ्याशी चाळा करत राहिली.

"मग दवाखान्यातनं पिशवी आली. कापडं, चष्मा आन् फोन. त्या फोनवर पन आल्ता त्यो मेसेज. ह्ये गेल्याचं ह्यांच्याच फोनवर. पन मला कुठं वाचता येतं तवा. पोरानं पुसून टाकला. आईला तरास नगं म्हनून."

"आता येतं वाचता?" आरतीनं हळूच विचारलं.

"फॅट वाचता वाचता आलं. नातीनं शिकवलं. रोज सकाळी मेसेज येतो का न्हाई, किती लिटर, किती फॅट. आज पन फोन वाजला, मला वाटलं फॅट आलं. हितंच हुबी हुते मी. एकेक अक्षर लावलं." त्यांनी पदरानं नाकाचा शेंडा पुसला. "मला ठावं हाय चुकून आलाय. येडी न्हाई मी. पन आज माझं मी आधी वाचलं. मग गाव आलं."

चहा आला. तिघींनी तो गोठ्यातच घेतला. निघताना मनकर्णाबाईंनी पिशवीतून मोबाईल काढून आरतीपुढे धरला. "तुमी तिकडनं ह्यो पुसून घेनार का?"

"नाही, आजी. तिकडनं नाही पुसता येत."

"मग बरं हाय," म्हणून त्यांनी तो परत पिशवीत घातला, आणि पिशवीची नाडी ओढली.

परतीच्या एसटीत दोघींना शेजारी जागा मिळाली. पुढे उसानं भरलेल्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यामुळे गाडी रांगत होती. आरती खिडकीतून त्या ट्रॉल्यांकडे पाहत होती. मान न वळवता ती म्हणाली, "ताई, शुक्रवारी तुम्ही यादीच्या शेवटी थांबला होतात."

"हो."

"दिसलं होतं का तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. आरतीनं ते मान्यही केलं असतं.

"दिसलं होतं."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून एक ट्रॉली मागे टाकली. मोळ्यांवर एक बाई बसली होती, डोक्याला पटका गुंडाळून, मांडीवर पोर घेऊन. ती दिसेनाशी होईपर्यंत आरती पाहत राहिली.

"मग सांगायचं ना, ताई," ती म्हणाली.

एवढंच. आवाजात ना राग, ना रडू. घरातलं माणूस दार लावायला विसरलं की म्हणतात, तितक्या साधेपणानं. अश्विनीला वाटलं, हिनं दोन शब्द तोडून बोलायला हवे होते, सरांना फोन करायला हवा होता. मग आपल्याला रागावता आलं असतं. नगर येईपर्यंत तिनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जशी काही ती कुणी ओढून नेणार होतं.

दुसऱ्या दिवशी आरतीनं आपली खुर्ची उचलून अश्विनीच्या टेबलाशी आणली. सरांना तिनं काही सांगितलेलं नव्हतं, हे सर अश्विनीशी ज्या मऊपणानं बोलत होते त्यावरून कळत होतं.

"आता नुसत्या नावावर नाही चालवायचं," आरती म्हणाली. "मेथडच्या डोक्यावर एक चिठ्ठी लावता येते. प्रोग्राम आधी चिठ्ठी आहे का बघेल. असली तरच चालवेल. कुणाला चिठ्ठी लावायची, ते तुम्ही सांगा."

अश्विनीला कळत होतं आपण काय करतोय ते. एकदा चिठ्ठ्या लागल्या की शिडी कायमची जाणार होती, आणि या वेळी ती स्वतःच्या हातानं उतरवून द्यायची होती. तिनं चहा मागवला आणि सांगायला लागली. हा यात्रेचा निरोप, पण ती यात्रा आता दुसऱ्या महिन्यात भरते, जुनी तारीख काढ. हा काष्टीकडचा, तिथं बाजाराच्या दिवशी दूध उशिरा येतं म्हणून घेतलाय, ठेव. हा दोन भावांच्या भांडणामुळे लिहावा लागला. ते आता एकत्र आलेत, चिठ्ठी नको. सांगता सांगता तिला मध्येच हसू येत होतं, आरती खालमानेनं टिपत होती, आणि मध्ये कधीतरी अश्विनीच्या लक्षात आलं की आपल्याला काय काय येतं हे कुणीतरी पहिल्यांदाच एवढं सगळं ऐकून घेतंय.

आरतीचा हात थांबला. निरोप_आप्पा.

"ही काढून टाकू?"

खालचं मशीन सुरू झालं. कपातला चहा थरथरला.

"राहू दे," अश्विनी म्हणाली.

"चिठ्ठी?"

"नको. नुसती राहू दे."

"मग पुढं कुणी विचारलं, ही कशाला ठेवलीय म्हणून, तर?"

अश्विनीच्या जिभेवर आलं होतं, मला विचारा म्हणावं. तिनं ते गिळलं. "तू सांग," ती म्हणाली. "तू होतीस ना तिथं."

काउंटरवर फोन वाजला. पूजानं उचलला. "थांबा हं," ती म्हणाली, "विचारते," आणि रिसीव्हरवर हात ठेवून, नाव न घेता, दोघींकडे पाहत राहिली.

"आरती, बघ गं कुणाचा आहे."

आरती उठून गेली. "हां मामा, बोला ना. हो, मी सांगते," तिचा आवाज आला, आणि अश्विनीला बारीकसं दुखलंच. दुखायचं राहणार नाही एवढ्यात, हे तिला माहीत होतं. समोर आप्पांच्या निरोपाच्या ओळी होत्या, बिनचिठ्ठीच्या. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात काढून घ्यावा तसा तिनं कर्सर हळूच खाली नेला, आणि पुढचा निरोप वाचायला घेतला.